न हसणारा चार्ली

आमच्या साताऱ्याच्या आळीत गणपतीत एक रात्र सिनेमाची असायची. वाड्याच्या गजापासून समोरच्या घरापर्यंत दोरी बांधायची, तिच्यावर धुवट चादरी जोडून केलेला पडदा ताणायचा आणि रस्त्याच्या मधोमध टेबलावर सोळा एमएमचं मशीन ठेवायचं. मोठी माणसं मशीनच्या बाजूला सतरंज्यांवर बसायची, आम्ही पोरं पडद्याच्या मागे. तिथून सगळं उलटं दिसे, पण मुक्या सिनेमाला उलटं काय नि सुलटं काय! फक्त मधे इंग्रजी पाटी आली की अडायचं. मग आमचे थोरले काका ती खड्या आवाजात वाचायचे आणि लगेच मराठीत सांगायचे. अख्खी आळी त्यांच्या तोंडाकडे बघायची.

मुका सिनेमा म्हणजे चार्ली, एवढंच आम्हाला ठाऊक. पण १९७१ च्या गणपतीत पडद्यावर जो माणूस आला, त्याला ना मिशी ना काठी. डोक्यावर चपटी टोपी, मोठाले डोळे आणि काहीही झालं तरी न हलणारा चेहरा. आम्ही त्याचं नाव ठेवलं 'न हसणारा चार्ली'.

त्याचं नुकतंच लग्न झालेलं असतं आणि आहेर म्हणून त्याला घर मिळतं. सुटे भाग खोक्यांत भरलेले, आकडे बघून जोडायचे. बायकोवर डोळा असलेला एक जण खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवतो. मग जे घर उभं राहतं, त्याची एकही भिंत सरळ नाही. वादळ येतं आणि घर भोवऱ्यासारखं गरगरतं. एवढं सोसून कळतं, की जागाच चुकली, आपली जागा रुळांपलीकडे आहे. घर ओढत नेताना ते बरोबर रुळांवर अडकतं आणि समोरून गाडी येते. नवरा-बायको डोळे झाकून घेतात. आळीनंही झाकले होते. गाडी शेजारच्या रुळांवरून निघून जाते. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, तेवढ्यात उलट्या बाजूनं दुसरी गाडी आली आणि घराच्या चिंधड्या झाल्या.

आळी हसून हसून लोळत होती. पडद्यावर तो शांतपणे त्या ढिगाऱ्यावर पाटी लावतो. काकांनी वाचली, "विकणे आहे!" मग त्या पाटीला तो घर जोडायच्या सूचनांचा कागदही लावतो, बायकोचा हात धरतो आणि दोघं चालू लागतात. हशा ओसरला तशी माझी आजी हळूच म्हणाली, "आता कुठं जायचं रे या पोरांनी?"

त्याचं खरं नाव मला बारा वर्षांनी कळलं. १९८३ मध्ये पुण्यात, फिल्म इन्स्टिट्यूटच्या थिएटरमध्ये 'द जनरल' पाहिला. तीच टोपी, तोच चेहरा. बस्टर कीटन. आळीत पाहिलेली फिल्म म्हणजे १९२० ची 'वन वीक', हेही तिथंच समजलं. तेव्हापासून या माणसाचं जे मिळेल ते मी वाचत आलो. आणि दर वेळी आजीचा तो प्रश्न आठवत आला. कारण पडद्याबाहेरही त्याच्या आयुष्यातली मोठी गोष्ट घराचीच होती.

कॅन्ससमधल्या पिक्वा या खेड्यात ४ ऑक्टोबर १८९५ ला तो जन्मला, तोही आईवडील खेळ करत फिरतीवर असताना. अमेरिकेत तेव्हा व्होडव्हीलचे खेळ गावोगाव चालत. गाणं, कसरत, नकला, सगळं एकाच तिकिटात. वडील जो, आई मायरा आणि मधे हे पोर. 'द थ्री कीटन्स' या नावानं त्यांचा खेळ गाजला. खेळ काय, तर बापानं पोराला उचलून रंगमंचावर इकडून तिकडे फेकायचं. नीट पकडता यावं म्हणून त्याच्या कपड्यांना पाठीवर बॅगेची मूठ शिवलेली असे. आपल्याकडे डोंबाऱ्याचं पोर दोरीवर चढतं तेव्हा जसा जीव टांगणीला लागतो, तसाच तिथल्या प्रेक्षकांचाही लागत असेल. पडून उठल्यावर आपण हसलो तर लोक कमी हसतात, हे त्या पोरानं लहानपणीच ओळखलं. तो कोरा चेहरा तिथून आला. पोटापाण्यासाठी शिकलेली ती पहिली विद्या.

१९१७ मध्ये न्यूयॉर्कला रॉस्को आर्बकल या त्या काळच्या मोठ्या विनोदी नटानं त्याला सिनेमात आणलं. कीटननं आधी काय केलं असेल, तर कॅमेरा खोलून आत काय आहे ते पाहिलं. पुढं स्वतःचा स्टुडिओ मिळाल्यावर लिहिलेली पटकथा अशी नसायचीच. सुरुवात आणि शेवट ठरला की बाकीचं काम करता करता सुचायचं. अडलं की सगळी मंडळी बेसबॉल खेळायला मैदानात उतरायची आणि सुचलं की पुन्हा कॅमेऱ्यापाशी. 'शेरलॉक ज्युनिअर' करताना पाण्याच्या टाकीचा लोंढा अंगावर येऊन तो रुळावर आदळला. काही दिवस डोकं दुखलं, काम थांबलं नाही. कित्येक वर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी एक्स-रे काढला, तेव्हा डॉक्टरांना मानेचं हाड मोडून आपोआप जुळलेलं दिसलं.

१९२६ मध्ये 'द जनरल'साठी ऑरेगॉन राज्यात त्यानं खरंखुरं इंजिन जळत्या पुलावरून नदीत पाडलं. ते इंजिन पुढं वर्षानुवर्षं तिथंच पडून होतं, लोक बघायला जात. सिनेमा मात्र तेव्हा चालला नाही. १९२८ मध्ये स्वतःचा स्टुडिओ सोडून त्यानं एमजीएम या बड्या स्टुडिओशी करार केला. नको जाऊस, असं चॅप्लिननं सांगितलं होतं, हॅरॉल्ड लॉइड या दुसऱ्या विनोदी नटानंही सांगितलं होतं. ही आयुष्यातली सर्वांत मोठी चूक, असं तो पुढं स्वतःच म्हणत असे.

बोलपट आले आणि मुका नट संपला, अशी त्याची गोष्ट थोडक्यात सांगतात. ती खरी नाही. रंगमंचावर वाढलेल्या माणसाला आवाजाची काय भीती? त्याचे बोलपट चांगले चालले. गेलं ते मोकळेपण. आता सगळं आधी कागदावर हवं आणि प्रत्येक गोष्टीला वरची मंजुरी हवी. मैदानात खेळता खेळता सुचणाऱ्या माणसाला टेबलाशी बसवलं. त्यात दारू वाढली. १९३२ मध्ये घटस्फोट झाला. बेव्हर्ली हिल्समधला हौसेनं बांधलेला बंगला गेला. मुलांचं आडनावही बदलून आईचं लावलं गेलं आणि कैक वर्षं त्यांची भेट नाही. १९३३ मध्ये स्टुडिओनं काढून टाकलं. १९३५ मध्ये दारूपायी इस्पितळात ठेवावं लागलं. आठवड्याला तीन हजार डॉलर कमावणारा माणूस पुढं त्याच एमजीएममध्ये आठवड्याला शंभर डॉलरवर दुसऱ्यांच्या सिनेमांसाठी विनोद सुचवत बसला. हे वाचताना आजही गलबलून येतं.

गेल्या दिवाळीत अकरा वर्षांच्या नातवानं मोबाइल पुढं केला. सात-आठ सेकंदांची क्लिप, मागं ढणढणतं गाणं. एक माणूस उभा आहे, पाठीमागची घराची अख्खी भिंत त्याच्या अंगावर कोसळते. पोटमाळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावर येते आणि तो होता तसा उभा. मी पाहताक्षणी ओळखलं, 'स्टीमबोट बिल ज्युनिअर', १९२८.

नातू म्हणाला, "आजोबा, हे एआयनं केलंय ना?"

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आज डोळ्यांना दिसेल ते बनवता येतं, म्हणून त्याची पिढी दिसेल त्यावर आधी शंका घेते. आम्ही चादरीवर दिसेल ते खरं मानत होतो. मी त्याला सांगितलं, ती भिंत खरी होती, जवळजवळ दोन टनांची. खिडकी आणि त्याचे खांदे यांच्यामध्ये जेमतेम दोन-चार इंच. पाय कुठं ठेवायचे, तिथं जमिनीत खिळा ठोकला होता. तो एवढासा हलला असता, तर तिथंच संपला असता.

नातवानं क्लिप पुन्हा लावली. यावेळी आवाज बंद करून.

"मधे कट नाहीये," तो म्हणाला.

तेच तर कीटनचं ब्रीद होतं. पडणं दाखवायचं तर अख्खं, एका चौकटीत, डोक्यापासून पायापर्यंत. लोकांचा विश्वास बसला पाहिजे म्हणून तो मधे काही कापत नसे. त्याचं आयुष्यही तसंच अख्खं बघावं लागतं. १९३५ पाशी थांबलं, तर ती नुसती पडझडीची गोष्ट होते. १९४० मध्ये त्यानं एलिनॉर नॉरिस या नर्तिकेशी लग्न केलं आणि ती शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिली. त्याच्या हातून गेलेल्या बंगल्यात पुढं नट जेम्स मेसन राहायला आला आणि त्याला तिथं कीटनच्या फिल्म्सचे डबे सापडले. एके काळी वाया गेल्या म्हणून विसरल्या गेलेल्या फिल्म्स जगभर पुन्हा दाखवल्या जाऊ लागल्या. १९६५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात लोकांनी उभं राहून टाळ्यांचा कडकडाट केला. पुढच्या फेब्रुवारीत तो गेला.

त्या संध्याकाळी नातवाला मी 'वन वीक' दाखवली, टीव्हीवर. आता तिची प्रत लख्ख आहे आणि वेगही बरोबर आहे. आमच्या मशीनवर माणसं तुरुतुरु पळायची, इथं ती माणसांसारखी चालतात. आमचा वाडा कधीच पडला, त्या जागी सहा मजली इमारत आहे. दोरी बांधायला गज उरला नाही, पाटी वाचायला काका नाहीत. नातू वीस मिनिटं जागचा हलला नाही. पहिली गाडी निघून गेली तेव्हा त्यानं सुस्कारा सोडला. दुसरी आली तेव्हा तो किंचाळला आणि मग पोट धरून हसला. आमच्या आळीतला तोच हशा, मधे पन्नास वर्षं गेली तरी.

पाटी त्याची त्यानंच वाचली. मग ते दोघं हात धरून चालू लागले, तसा तो म्हणाला, "आता हे कुठं राहणार?"

या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. १९५६ मध्ये कीटनच्या आयुष्यावर सिनेमा काढण्यासाठी त्याला पैसे मिळाले. त्यातून त्यानं लॉस एंजेलिसजवळ वुडलँड हिल्समध्ये एक साधंसं घर घेतलं. तिथं एलिनॉर होती, बाग होती, कोंबड्या होत्या. आणि बागेत त्यानं स्वतःच्या हातानं रूळ टाकून एक छोटी खेळण्यातली आगगाडी सोडली होती. आल्यागेल्याला तो ती हौसेनं चालवून दाखवायचा.

ही गाडी घराला धक्का लावत नसे.