जीबी किती लागतील हो?

मेल सर्व्हर घ्यायचा विषय निघाला की मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हमखास ठरलेला असतो. "जीबी किती लागतील?" फायनान्सवाले हेच विचारतात, व्हेंडर हेच विचारतो आणि आपले साहेबही हेच विचारतात. प्रश्न सोपा, उत्तर त्याहून सोपं. माणसं गुणिले मेलबॉक्सचा आकार. झालं कॅपॅसिटी प्लॅनिंग!

माझ्या मते सगळा घोळ इथूनच सुरू होतो. कसा ते सांगतो.

२००६ च्या सुमारास मी पुण्याजवळच्या एका कारखान्याचे सर्व्हर बघायला लागलो. नाव राहू दे. दोन हजार मेलबॉक्स, एक्स्चेंज २००३. माझ्या आधी कुणीतरी हिशेब केला होता: २००० माणसं, प्रत्येकी २०० एमबी, म्हणजे ४०० जीबी. मग ३०० जीबीच्या चार डिस्क आणल्या, दोन-दोनच्या जोड्या लावल्या, ६०० जीबी मिळाले. वर २०० जीबी शिल्लक! कागदावर कुणीही पास करेल असं काम.

प्रत्यक्षात सोमवारी सकाळी काय व्हायचं? कंपनीच्या बसेस गेटवर यायच्या, माणसं चहा घेऊन जागेवर बसायची आणि सगळ्यांची आउटलुक एकदमच उघडायची. मग पडद्याच्या कोपऱ्यात तो फुगा, 'सर्व्हरकडून माहिती मागवत आहे'. मागवत आहे.. मागवतच आहे. हेल्पडेस्कला एक नवीन पोरगा होता, त्याचा फोन साडेअकरापर्यंत खाली ठेवला जात नसे. बिचारा शिव्या खायचा आणि "नेटवर्क स्लो आहे सर" असं सांगायचा. नेटवर्कला काही झालेलं नव्हतं. प्रोसेसर निवांत होता. डिस्क तर अर्ध्याहून जास्त रिकामी होती.

रिकामी होती, पण मोकळी नव्हती. फरक आहे.

एसटी स्टँडवरचं रिझर्वेशन आठवा. हॉल केवढाही मोठा बांधा, खिडक्या चारच असतील तर रांग चार खिडक्यांच्याच वेगाने सरकणार. डिस्कचं तसंच असतं. जीबी म्हणजे हॉल. खिडकी म्हणजे डिस्क एका सेकंदात किती फेऱ्या मारू शकते तो आकडा. एक मेल उघडली की फेरी, एक आली की फेरी, शोधली की फेऱ्याच फेऱ्या.

आता हा आकडा काढायला फार डोकं लागत नाही. १५,००० आरपीएमची डिस्क मिनिटाला १५,००० म्हणजे सेकंदाला २५० वेळा फिरते. एक चक्कर ४ मिलिसेकंदांची, म्हणजे हवी ती जागा समोर यायला सरासरी अर्धी चक्कर, २ मिलिसेकंद. हेड त्या जागी सरकायला अजून साधारण चार. एका फेरीला सहाएक मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला दीडशेच्या आसपास फेऱ्या. ही डिस्क ७३ जीबीची असो वा ३०० ची, आकडा जवळपास तोच!

आता गरज बघा. सोमवार सकाळच्या त्या दोन तासांत प्रत्येक मेलबॉक्समागे सेकंदाला पाऊण फेरी धरू. २००० माणसांच्या १५०० झाल्या. त्यातल्या १००० वाचायच्या, ५०० लिहायच्या. जोडीतल्या दोन्ही डिस्कवर लिहावं लागतं म्हणून लिहायच्या झाल्या १०००. एकूण २०००. चार डिस्क देणार ६००. उरलेल्या रांगेत, आणि रांगेच्या टोकाला तो हेल्पडेस्कवाला पोरगा.

भागाकार केला तर १४ डिस्क येतात. ७३ जीबीच्या १४ घेतल्या तर जोड्या लावून ५११ जीबी. जागा आधीपेक्षा कमी, डिस्क साडेतीनपट! हे फायनान्सला समजावणं म्हणजे दिव्य असतं. मी पर्फमॉनचा सोमवारचा आलेख प्रिंट करून नेला होता. डिस्कवरून वाचायला सरासरी २० मिलिसेकंदांच्या आत वेळ लागावा असा दंडक आहे. आमची रेघ त्याच्या कितीतरी वर चालली होती. तो कागद पाहिल्यावर कोटेशन पास झालं.

आणि खरं तर १४ ही काठावरचीच संख्या. एका खिडकीच्या रांगेचं साधं गणित आहे. खिडकी ५० टक्के वेळ कामात असेल तर येणाऱ्याला सरासरी एका कामाइतकं थांबावं लागतं. ८० टक्क्यांना चार कामांइतकं, ९० टक्क्यांना नऊ. म्हणून "सर्व्हर ९० टक्के वापरात आहे" हे ऐकून खूश होणाऱ्या साहेबांची मला जरा भीतीच वाटते :)

पण मला खरी रुखरुख आहे ती वेगळ्याच गोष्टीची.

त्याच कारखान्यात, या सगळ्याच्या आधी, जागा वाचवायला म्हणून मेलबॉक्सचा कोटा १०० एमबी होता. आता कोटा लावला म्हणून मेल्स काही कमी येत नाहीत. माणसं त्या पीएसटी फाइलमध्ये भरतात आणि ती आपल्या पीसीवर ठेवतात. सर्व्हरचा रोज बॅकअप होतो, या फाइलचा होत नाही. शिवाय आउटलुक २००२ पर्यंतच्या जुन्या पद्धतीच्या पीएसटीला २ जीबीची हद्द होती. ती ओलांडली की फाइल उघडेलच याची खात्री नाही.

परचेसमध्ये एक काका होते, रिटायर व्हायला दोन-तीन महिने राहिलेले. सप्लायरांशी झालेला सगळा पत्रव्यवहार त्यांनी नेटका लावून अशाच एका फाइलमध्ये ठेवला होता. ती एक दिवस उघडेनाशी झाली. दुरुस्तीचं टूल चालवलं, थोडंफार हाती आलं, बाकी गेलं. त्यातच ऑडिटने एका जुन्या दरवाढीची मंजुरी मागितली. काका मला म्हणाले, "अहो, मंजुरीची मेल मला आली होती, मी वाचलीय. पण आता दाखवू कुठून?" नोकरीच्या शेवटच्या महिन्यांत त्या माणसाला स्वतःचा खरेपणा सिद्ध करत फिरावं लागलं. तिकडे कुणाच्या तरी शीटमध्ये 'डिस्कवर बचत' असा कॉलम हिरवा झालेला होता.

पुढे तंत्र बदललं. एक्स्चेंज २००७ फक्त ६४ बिटवर आलं, त्याला भरपूर मेमरी वापरता यायला लागली आणि डिस्कच्या फेऱ्या मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार ७० टक्क्यांपर्यंत घटल्या. २०१० च्या आवृत्तीत त्या आणखी कमी झाल्या आणि मोठ्या, स्वस्त डिस्कवर काम भागायला लागलं. आता तर बहुतेकांनी मेल क्लाउडवर नेलीय. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिस्कच्या फेऱ्या आता दुसरंच कुणीतरी मोजतं.

तरीही, तुम्ही मेल घ्या, डेटाबेस घ्या नाहीतर एखादं ॲप, दोन प्रश्न सुटत नाहीत. सगळ्यात गर्दीच्या तासाला लोक नक्की काय करतात? आणि आपण जे आत मावू देणार नाही, ते कुणाच्या टेबलावर जाऊन साठणार?

पहिल्याचं उत्तर पर्फमॉन देतो. दुसऱ्यासाठी खुर्चीतून उठून परचेसपर्यंत चालत जावं लागतं. कोटेशनवर सही करायच्या आधी तेवढं जरूर करा.