५०० किलोंची गाडी आणि २८ टनांचा रस्ता

१/ गडचांदूरहून राजुऱ्याकडे निघालेल्या माणसाला समोरून काय येणार, हे सांगावे लागत नाही. हा पट्टा चुनखडीचा. चुनखडीमुळे सिमेंटचे कारखाने आले आणि रस्ता ट्रकांचा झाला. अशा रस्त्यावर कुणी घरी बांधलेली, दोन आसनांची हलकी स्पोर्ट्स कार उतरवली, तर? या प्रश्नामागे पाऊण शतकाचा इतिहास आहे आणि त्याचा बराचसा भाग महाराष्ट्रातच घडला. #थ्रेड

२/ वर्ष १९४९. यंत्रमागांच्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी दोन आसनांची छोटी मोटार तयार केली. नाव ‘मीरा’. पुढे १९७०च्या दशकापर्यंत ते तिच्या सुधारित आवृत्त्या घडवत राहिले. मीरा शर्यतीची गाडी नव्हती, सामान्य कुटुंबाला परवडावी म्हणून ती बांधली होती. पण तिच्यापुढचा पहिला प्रश्न स्पोर्ट्स कारचाच होता: वजन कुठून कमी करायचे?

३/ कुलकर्णींनी इंजिन मागे बसवले. त्यामुळे पुढून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट वाचतो. लोखंडी पाट्यांऐवजी त्यांनी रबराचे सस्पेन्शन वापरले, त्यामुळे सुटे भाग घटले. हलक्या गाडीचे गणित असे साखळीने चालते. वजन घटले की लहान इंजिन पुरते, लहान इंजिनाला हलका सांगाडा पेलतो, आणि हलक्या सांगाड्याला लहान ब्रेक भागतात.

४/ इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन याच वाटेने निघाले होते. १९४८ मध्ये त्यांनी ७४७ सीसीच्या जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली गाडी बांधली. १९५७ मध्ये त्यांची लोटस सेव्हन आली. वजन सुमारे ५०० किलो, नळ्यांचा सांगाडा, वर पातळ पत्रा. ती सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडली की खरेदीकर वाचत असे. घरी गाडी बांधण्याच्या छंदाला करानेही असा हातभार लावला.

५/ त्याच घाटाची गाडी पुढे आपल्याकडे अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत तयार झाली: चिंकारा रोडस्टर. फायबरग्लासची बॉडी आणि १.८ लिटरचे इसुझू इंजिन. हेच इंजिन हिंदुस्थान मोटर्सच्या अ‍ॅम्बॅसडरमध्येही बसत असे. लहान उत्पादक स्वतःचे इंजिन ओतू शकत नाही, बाजारात मिळेल ते घेतो. मग इंजिन सांगते तशी गाडी घडत जाते.

६/ आजच्या बांधणाऱ्यापुढे ढोबळमानाने दोन पर्याय असतात. मोटारसायकलचे इंजिन हलके आणि चपळ, गिअरबॉक्सही त्यातच. पण त्याला बहुधा रिव्हर्स गिअर नसतो, आणि २०० किलोंच्या दुचाकीसाठी घडवलेला क्लच ५०० किलो ओढताना लवकर झिजतो. दुसरा पर्याय मारुती ८०० चे ७९६ सीसीचे इंजिन, गिअरबॉक्ससह आसनांमागे बसवायचे. वजन वाढते, पण रिव्हर्स मिळतो आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात.

७/ आता सुरक्षितता. ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळली आणि तिचे नाक ३० सेंटिमीटर चेपून ती थांबली, तर आतल्या माणसावर सरासरी ३३ ‘जी’ इतका मंदवेग येतो. नाक ६० सेंटिमीटर चेपले तर त्याच्या निम्मा. म्हणजे भिंतीपुढे घात होतो तो चेपायला जागा नसल्यामुळे, हलकेपणामुळे नव्हे. इंजिन मागे गेले की नाक आखूड करण्याचा मोह होतो, आणि चालकाचे पाय बंपरला भिडतात.

८/ त्याचा धडा वाळूजमध्ये तयार झालेल्या बजाज क्यूटने दिला. २१६ सीसीचे इंजिन मागे, वजन ४०० किलोंच्या आसपास, वेगमर्यादा ताशी ७० किमी. २०१६ च्या युरो एनकॅप चाचणीत तिला पाचपैकी १ तारा मिळाला. तिच्यामागे मोठी कंपनी आणि प्रशिक्षित अभियंते होते. वेल्डिंगच्या दुकानात गाडी बांधणाऱ्याला तर चाचणीसाठी फोडायला दुसरी गाडीही नसते.

९/ तरीही नाक लांब करता येते, मजबूत रोलबार आणि पट्टे बसवता येतात, पेट्रोलची टाकी सुरक्षित जागी हलवता येते. पण एक गोष्ट बांधणाऱ्याच्या हाती नसते. ५०० किलोंची गाडी आणि भरलेला २८ टनांचा दहाचाकी ट्रक, दोघेही ताशी ६० किमी वेगाने समोरासमोर आदळून एकमेकांत अडकले, असे धरा. ट्रकचा वेग जेमतेम २ किमीने घटेल. गाडीचा वेग एका क्षणात सुमारे ११८ किमीने बदलेल, कारण ती उलट दिशेला रेटली जाईल. तेथे इंजिन कोणते, हा प्रश्नच उरत नाही.

१०/ म्हणूनच नव्या वाहनाचा नमुना विक्री-नोंदणीपूर्वी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. हौशी माणसाला ही अट जाचक वाटते, आणि एकट्याच्या ऐपतीबाहेरची ती आहेही. मीरा कारखान्यातून कधी बाहेर पडली नाही, याची हळहळ म्हणूनच रास्त आहे. मात्र तो नियम गाडीच्या आतल्या माणसासाठी आहे, हेही तितकेच खरे.

११/ मग हौसेने काय करावे? फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी अभियांत्रिकीचे विद्यार्थी दरवर्षी अशाच हलक्या गाड्या स्वतः बांधतात आणि बंद ट्रॅकवर पळवतात. तेथे हलकेपणा हा निव्वळ गुण ठरतो, कारण समोरून ट्रक येत नाही. गडचांदूरच्या एखाद्या गॅरेजात उद्या कुणी नळ्या कापायला बसला, तर त्याने वजनकाट्याआधी हे ठरवावे: गाडी धावणार कुठे? इंजिन त्याला निवडता येईल. समोरच्याचे वजन निवडता येणार नाही.

(समाप्त)