तीन गुणांचे गाणे

६ एप्रिल १९७४ रोजी ब्रायटन येथील युरोव्हिजन गीतस्पर्धा स्वीडनच्या ‘आबा’ने जिंकली. चिमुकल्या पोर्तुगालच्या वाट्याला आले अवघे ३ गुण आणि विभागून शेवटचा क्रमांक. पावलू द कार्व्हाल्यू यांनी गायिलेल्या त्या विरहगीताचे शीर्षक होते ‘आणि निरोपानंतर’.

पोर्तुगालात १९२६ पासून हुकूमशाही होती. आफ्रिकेतील वसाहतयुद्धांना विटलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी उठावाची सिद्धता केली. सज्ज होण्याचा इशारा रेडिओवरून द्यायचा, तर गाणे कोणालाही संशय न येईल असेच हवे. प्रेमभंगाचे हे परिचित गीत त्यासाठी निर्धोक होते. २४ एप्रिलच्या रात्री १०.५५ वाजता ते लिस्बनमधून प्रसारित झाले. मध्यरात्रीनंतर दुसऱ्या गीताने कूच करण्याची खूण दिली आणि २५ एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत राजवट कोसळली.

याचे पडसाद गोव्यापर्यंत पोहोचले. १९६१ साली मुक्त झालेल्या गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व जुन्या राजवटीने अखेरपर्यंत नाकारले होते. नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने ते मान्य केले. ब्रायटनच्या गुणफलकावर मात्र त्या गीतापुढे आजही ३ हाच आकडा आहे.