व्याख्यानाऐवजी सहा बैठका

मेलबर्न

सौ. वहिनी यांस,


तुमचं पत्र पोचलं. बालवाडीच्या पालकांसाठी मोठा मेळावा घ्यायचा, पुण्याहून मानसोपचारतज्ज्ञ बोलवायचे, दोन-तीनशे माणसं मावतील असं कार्यालय ठरवायचं, आणि विषय मी सुचवायचा, असं तुम्ही लिहिलंय. वहिनी, विषयाआधी एक विनंती करते. मेळावा घेऊ नका. तेवढ्याच कष्टात दहा-बारा पालकांचा एक गट बसवा आणि तो सलग सहा आठवडे चालवा.

व्याख्यानाला आलेली आई मान डोलावून घरी जाते. मुलांच्या भावना समजून घ्याव्यात, हे तिला आधीपासूनच पटलेलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा दारात, डबा भरायचा राहिलेला, आणि लेक ‘हा शर्ट नको’ म्हणून जमिनीवर लोळतोय, अशा वेळी तिच्या तोंडून तेच निघतं जे तिच्या लहानपणी तिच्या कानावर पडलं होतं. भाकरी थापायला कोणी ऐकून शिकत नाही, पिठात हात घालावाच लागतो; हेही तसंच आहे.

इथे बालवाडीतली नोकरी सांभाळून मी ज्या पालकगटांत मदतीला बसते, तो कार्यक्रम याच शहरात तयार झाला. ‘ट्यूनिंग इन टू किड्स’ हे त्याचं नाव. मेलबर्न विद्यापीठातल्या सोफी हॅविगहर्स्ट आणि त्यांच्या सहकारी ॲन हार्ली यांनी तो रचला. आठवड्यातून एकदा दोन तास, असं सहा वेळा बसायचं. त्याच्या मुळाशी अमेरिकेतल्या सिएटलचे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांचं १९९०च्या दशकातलं काम आहे. मूल चिडलं, रडलं, घाबरलं की आईवडील काय करतात, हे त्यांनी बारकाईनं पाहिलं. काही जण ते उडवून लावतात, काही दटावतात, काही मुलाला हवं ते करू देतात. आणि काही जण आधी मुलाच्या मनात काय चाललंय ते ओळखतात, ते बोलून दाखवतात, आणि मगच काय चालेल, काय चालणार नाही ते सांगतात. गटात ही शेवटची रीत गिरवून घेतात. राग आला तर चालेल, मारलेलं चालणार नाही. दोन्ही सांगायचं असतं. फक्त आधी काय आणि मग काय, हा क्रम मोडायचा नाही.

एक खेळ सांगते, तो तुम्ही उद्याही घेऊ शकाल. एका पालकाला मधल्या खुर्चीत बसवायचं. तो झाला पाच वर्षांचा मुलगा, ज्याला मित्रानं वाढदिवसाला बोलावलं नाही. बाकीच्यांनी एकेक वाक्य बोलायचं. ‘त्यात काय एवढं?’ ‘मुलगा असून रडतोस?’ ‘तूच काहीतरी केलं असशील.’ ‘चल, आपण आइस्क्रीम खाऊ.’ ‘थांब, मी त्याच्या आईलाच फोन करते.’ शेवटी एक जण जवळ बसून म्हणतो, ‘सगळ्यांना बोलावलं आणि तुला नाही. फार वाईट वाटलं असेल ना?’ मग खुर्चीतल्या माणसाला विचारायचं, आत काय काय झालं. आइस्क्रीमचं वाक्य प्रेमाचं असूनही एकटं पाडतं, हे तो स्वतः सांगतो. सांगणारा जर शेजारच्या आळीतला, रोज दिसणारा बाप असेल, तर बाकीच्यांना ते जास्त लागतं. हे बळ सभागृहात नसतं.

आणि घरी करून बघायला आठवडाभर मिळतो. पुढच्या बैठकीला एखादी आई येते आणि म्हणते, मी तसंच बोलले, तरी तो आणखीच रडला. दुसरी म्हणते, माझाही रडला, पण नंतर बिलगला. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बोलणं हळूहळू स्वतःकडे वळतं. एका वडिलांनी सांगितलं की त्यांच्या घरी रडणाऱ्याला पानावरून उठवत. ते बोलेपर्यंत आपण मुलाच्या रडण्याला इतके का बिथरतो, हे त्यांना उमगलं नव्हतं. माझ्या मते या कार्यक्रमातलं सर्वांत मोलाचं काम हेच आहे. मूल बदलायला आलेला माणूस आधी स्वतःचा राग ओळखायला शिकतो.

या कार्यक्रमाची परीक्षाही झाली आहे. चार-पाच वर्षांच्या मुलांच्या २१६ पालकांवरचा अभ्यास २०१० साली छापून आला. त्यात गटात बसलेले पालक मुलांच्या भावना कमी झिडकारू लागले, मुलांना भावना जास्त कळू लागल्या आणि त्यांचं त्रासदायक वागणंही कमी झालं.

तुम्ही म्हणाल, आम्ही तज्ज्ञ नाही. लंडनच्या साउथवर्क भागात असे गट साधे पालकच चालवतात. त्यांना आधी नीट प्रशिक्षण मिळतं, पाठीशी जाणकार असतात, पण गटासमोर बसतात ते त्याच वस्तीतले आईबाप. आठवड्याला दोन तास, आठ आठवडे. या गटांचा ११६ कुटुंबांवरचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, आणि मुलांच्या वागण्यात चांगला फरक पडलेला दिसला. त्याच्याही कितीतरी आधी अमेरिकेत हाइम गिनॉट पालकांचे गट घेत. ॲडेल फेबर आणि इलेन मॅझलिश या दोन आया त्यांच्या गटात बसून शिकल्या, आणि पुढे इतर पालकांनी आपापले गट चालवावेत म्हणून त्यांनीच साहित्य तयार केलं. तुम्ही बालवाडीत इतकी वर्षं काढली आहेत. पुण्याच्या तज्ज्ञांना व्याख्यानाला न बोलावता, तुम्हाला आणि आणखी एका बाईंना तयार करायला बोलवा. त्यांचा वेळ तिथे कारणी लागेल.

काही गोष्टी मात्र पाळा. पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून वचन घ्या की इथलं इथेच राहील. तुमच्या साताऱ्यासारख्या गावात यावाचून कोणी तोंड उघडणार नाही. बैठक चालू असताना मुलांना सांभाळायला शेजारच्या खोलीत कोणीतरी हवं. वडिलांना यायला जमेल अशी वेळ ठेवा, त्यांच्यासाठी रविवारी वेगळा गट केला तर उत्तमच. इथेही बाबांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आहे. आजीआजोबांना वगळू नका, कारण दुपारभर मूल त्यांच्यापाशीच असतं. वाचायला पालकनीती मासिकाचे जुने अंक मिळवा, १९८७ पासून ते मराठीत हेच काम करतंय.

आणि गट म्हणजे उपचार नव्हे. एखादं मूल खाणं-झोपणं सोडत असेल, स्वतःला इजा करत असेल, बोलेनासं झालं असेल, तर त्या पालकांना बाजूला घेऊन डॉक्टरांकडे पाठवा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. हा क्रमांक बालवाडीच्या फळ्यावर लावून टाका.

कार्यालयाची आगाऊ रक्कम अजून दिली नसेल तर थांबवा. दिवाळीची सुट्टी संपली की पहिले दहा पालक बसवा, आणि पहिली बैठक झाली की मला कळवा. दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
शुभदा