जुनी मोठी गाडी घेताना मी काय काय पाहिलं



दिवाळीनंतर आमच्या दारात सेकंडहँड स्कॉर्पिओ आली, तेव्हापासून चार-पाच जणींचे फोन आले. "काकू, जुनी गाडी घेताना काय बघितलंत? आमच्याकडेही तेच चाललंय." प्रत्येकीला अर्धा-अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

आमच्या घरात सात माणसं. शेताचा रस्ता काळ्या मातीचा, पावसाळ्यात लहान गाडी रुतलीच म्हणून समजा. सासूबाईंना महिन्यातून एकदा तरी बाहुबलीला जायचं असतं. नवी मोठी गाडी पंधरा लाखांच्या पुढे, म्हणून जुनी बघायची ठरली. पैसे माझ्या एफडीचे होते. त्यामुळे "बायकांना गाडीतलं काय कळतंय" हे वाक्य आमच्या घरात या वेळी कुणी बोललं नाही.

आणि खरं सांगते, इंजिनातलं मला काही कळत नाही. त्यासाठी मिस्त्री आहेत. पण मी बी. कॉम. आहे आणि दुकानाचा रोजमेळ, खतावणी तीस वर्षं मीच लिहिली. एका वहीत खोटी रक्कम घालणं सोपं असतं. तीच रक्कम खतावणीत, बँकेच्या पासबुकात आणि समोरच्याच्या वहीत जुळवून दाखवणं अवघड. गाडीच्याही अशाच चार वह्या असतात: आरसी, विम्याची पॉलिसी, सर्व्हिसचा रेकॉर्ड आणि गाडीचं स्वतःचं अंग. त्यांचा मेळ बसतो का, एवढंच मी बघत होते.

पहिली गाडी व्याह्यांच्या ओळखीतून आली. आपल्याच समाजातले गृहस्थ, गाडी २०१५ ची, पांढरीशुभ्र, मीटरवर ६८ हजार किलोमीटर. हे म्हणाले, "आपला माणूस आहे, कागद काय बघायचे?" मी म्हटलं, आपल्या माणसाचेच आधी बघायचे, नंतर बोलायला जड जातं. आरसीवरून ते दुसरे मालक होते आणि गाडी त्यांच्या नावावर जानेवारी २०२० मध्ये झाली होती. सांगली-कोल्हापूरचा महापूर ऑगस्ट २०१९ चा. तारखा वाचल्या आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत, अगदी थांबेपर्यंत ओढला. वरचा पट्टा स्वच्छ होता. आतल्या शेवटच्या वीतभर भागावर मातकट रेघ होती. गाडी कितीही धुतली, पॉलिश केली, तरी बेल्टचा तो भाग कुणी धूत नाही. मग मिस्त्रींनी सीटखालचा गालिचा उचलला, तर सीटचे बोल्ट गंजलेले आणि वायरिंगच्या जोडांत गाळ. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गृहस्थांनीच फोन करून जुना रेकॉर्ड मागितला. जानेवारी २०१९ ला मीटर ९१ हजारावर होता! पुढे चालून ६८ झाला.

त्या गृहस्थांचा चेहरा उतरला. त्यांनीही गाडी अशीच ओळखीतून, कागद न बघता घेतली होती. जाताना म्हणाले, "वहिनी, कुणाला सांगू नका." मी म्हटलं, आपण होऊन कुठे बोलणार नाही, पण या गाडीबद्दल कुणी विचारायला आलं तर खोटं सांगणार नाही. व्याह्यांकडे पुढे दोन महिने बोलणं जरा थंडच होतं. चालायचंच. त्या गाडीत सात माणसं बसणार होती.

दुसरी एका डीलरकडे, दिल्ली पासिंग, किंमत ऐकून मुलगा हरखला. दिल्ली परिसरात तेव्हा दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी असल्यामुळे तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येत होत्या. त्यात वाईट काही नाही, पण किंमत म्हणजे फक्त डीलरचा आकडा नव्हे. तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर, एजंटची फी, हे सगळं खाली मांडून बेरीज केली तर स्वस्ताई बरीचशी विरघळली.

याच गाडीत पॉलिसीने बोलून दाखवलं. विम्याच्या कागदावर नो क्लेम बोनसचा एक रकाना असतो. पाच वर्षं क्लेम घेतला नसेल तर तिथे ५० टक्के येतात. शून्य असेल तर तीन-चार कारणं असू शकतात. क्लेम घेतलेला असतो, किंवा पॉलिसी संपून ९० दिवसांच्या वर गेलेले असतात, किंवा मालक नुकताच बदललेला असतो. शून्य म्हणजे लगेच अपघात नव्हे, पण विचारायचं. डीलरने तीन वेळा तीन उत्तरं दिली. मी पर्समधून फ्रिजवरचं चुंबक काढलं (सुनेने काश्मीरहून आणलेलं, शिकाऱ्याचं), रुमालात गुंडाळलं आणि दारांवरून फिरवलं. पत्र्यावर ते चिकटतं, जाड पुट्टीवर चिकटत नाही. डाव्या बाजूच्या दोन्ही दारांवरून ते सरळ खाली पडलं. नुसत्या घासल्या-खरचटल्याला एवढी पुट्टी लागत नाही. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर सगळे दिवे क्षणभर लागतात, मग विझतात. त्यात एअरबॅगचा दिवा लागलाच नाही. दिवा विझत नसेल तर बिघाड आहेच, पण लागलाच नाही तर कुणीतरी मुद्दाम बंद केला असण्याची शक्यता जास्त. आम्ही चहा न घेता उठलो.

एअरबॅगवरून आठवलं. नव्या गाड्यांना एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या खालच्या मॉडेलांत दोन्ही नसू शकतं. गाडी मोठी आणि दणकट दिसते म्हणून आपण गृहीत धरतो. मागे समोरासमोर बाकडी असतील तर तिथे बेल्ट आहेत का तेही बघा, कारण नातवंडं तिथेच बसतात.

तिसरी इचलकरंजीची. एकच मालक, निवृत्त गृहस्थ. गाडी २०१४ ची, मीटर १ लाख ३२ हजार, बॉनेटचा रंग उन्हाने उडालेला. मुलगा नाक मुरडत होता. पण काकांनी टेबलावर फाइल ठेवली. पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं तारखेनुसार लावलेली, बोनस ५० टक्के, चार वह्यांचे आकडे एकमेकांना धरून. मला तर तिथेच गाडी आवडली.

तरी तपासलं सगळं. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला. गार. थंड इंजिन कसं सुरू होतं, त्यावर बरंच कळतं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, आणि पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जात असू शकतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या कॉफीसारखा फेस असेल तर विचारूच नका, घरी या. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरायला सांगितलं होतं. त्यावर एक छोटा डाग होता. मिस्त्री म्हणाले, सील बदलावं लागेल, मोठं काम नाही.

अशा गाड्यांचा सगळा भार खालच्या लोखंडी चासीवर असतो. म्हणून मिस्त्री खाली झोपून टॉर्चने बघत होते की गंज कुठे आहे आणि वेल्डिंगचे टाके कुठे आहेत. चासीवर कोरलेला नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवला. टायरवर चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली होती, पण रबर म्हातारं झालं होतं. पाच टायरचे पैसे किमतीतून वजा करून मागितले, काकांनी हसत मान्य केले.

दोन गोष्टी खास आपल्यासाठी. सीट कशाच्या आहेत ते विचारा. वरच्या मॉडेलांत चामडं किंवा चामड्यासारखं रेक्झिन असतं, नुसतं बघून ओळखत नाही. आमच्या गाडीत कापडीच होत्या. आणि ज्या म्हातारीसाठी गाडी घेताय तिला सोबत न्या. सासूबाईंना पायरी उंच पडली. आम्ही बाजूला जादा पायरी बसवून घेतली आणि तो खर्चही हिशोबात धरला.

काकांचं कर्ज २०१८ लाच फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच होतं. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ते आधी काढायला लावलं, मगच उरलेली रक्कम खात्यावरून दिली, रोख नाही. थकलेली चलनं ऑनलाइन बघितली. आरसी पंधरा वर्षांची, म्हणजे २०२९ पर्यंत. पुढे गाडी तपासून पाच वर्षांची मुदतवाढ मिळते, तिची फी आणि पर्यावरण कर वेगळा. मी किंमत या पाच वर्षांवरच भागून बघितली होती. घसारा काढायची सवय आहे, काय करणार.

मग फॉर्म २९ आणि ३०, आणि चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायचा अर्ज. काकांचा ५० टक्के बोनस आपल्याला मिळत नाही बरं का! तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. त्यांचा फास्टॅग बंद, आपला नवीन.

आणि त्याच आठवड्यात आमची जुनी लहान गाडी विकली, तेव्हाही मी घेणाऱ्याच्या मागे लागून आरसी त्याच्या नावावर करून घेतली. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच जबाबदार, गाडी विकलेली असली तरी. तो मुलगा म्हणत होता, "काकू, करतो की पुढच्या महिन्यात." मी आरटीओच्या दारात डबा घेऊन बसले होते.