तूस लोखंड खातं

धानाचं तूस फुंकलं तरी उडतं. पण जाळलं की वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी राख उरते, आणि त्या राखेत बहुतेक सिलिका, म्हणजे वाळूतलंच द्रव्य!

आमचा भाचा गोंदियाकडे एका राईस मिलमध्ये फिटर आहे. बॉयलरमध्ये तूस ढकलणारा स्क्रू फीडर त्याच्याकडे असतो. परवा फोनवर म्हणाला, "मावशी, पात्याची कड सुरीसारखी होते बघ." मालक म्हणतात, वेग वाढव. भाचा म्हणतो, मोठा स्क्रू बसवा आणि सावकाश फिरवा. त्याने हिशेबच मांडला: सगळी मापं दुप्पट केली तर एका फेऱ्यात आठपट माल सरकतो. म्हणजे फेरे आठव्या हिश्शाने पुरतात, आणि कडेचा वेग चौथ्या हिश्शावर येतो. घासणं कमी, झीज कमी. (शाळेत याच मुलाला त्रैराशिक येत नव्हतं!)

शिवाय वेल्डिंगने कठीण थर द्यायचा तो फक्त कडेवर आणि माल ढकलणाऱ्या बाजूवर. खालच्या पन्हळीला बदलता येणारं अस्तर लावायचं.

हे सगळं पैशांपुरतं असतं तर मी लिहिलं नसतं. पातं झिजलं की फट वाढते, तूस अडकतं, आणि मग कोणीतरी हात घालतं. त्याच्या आधीच्या कामगाराची दोन बोटं अशीच गेली.

मालक म्हणाले, दिवाळीनंतर बघू. तोवर मेन स्विच बंद करून, कुलूप लावून, किल्ली खिशात ठेवूनच हात लाव, असं मी त्याला बजावलंय. "हो मावशी" म्हणाला. तो नेहमीच हो म्हणतो..