मागचं ऑइल

ट्रॅक्टरच्या मागच्या ऑइलला आमच्या कर्जत-खालापूर पट्ट्यात एकच नाव आहे: नव्वद नंबर. ट्रॅक्टर कुठला, ब्रेक कोरडे की ऑइलात बुडालेले, हायड्रोलिकचं ऑइल वेगळं की एकच, असले प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. नव्वद टाकायचं, बोल्ट आवळायचा आणि शेतात जायचं. जुन्या मोठ्या ट्रॅक्टरांवर हे वर्षानुवर्षं चाललं आणि निभावलंही, म्हणून त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण आता गावोगाव जे छोटे ट्रॅक्टर आलेत त्यांचं पोट वेगळं आहे. माझ्या ट्रॅक्टरने मला ते ब्रेकच्या आवाजातून सांगितलं.

खोपोलीच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. नोकरी संपल्यावर गावच्या शेतीकडे वळलो, तेव्हा पहिला प्रश्न नांगरणीचा आला. बैलजोडी ठेवणारे आता शोधावे लागतात. भाड्याचा मोठा ट्रॅक्टर आमच्या खाचरांत धड वळत नाही. वळला तर बांध फोडतो, आणि बांधावरून लागलेलं भांडण पुढच्या पिढीपर्यंत पुरतं. म्हणून चौकजवळच्या एका फार्महाऊसवाल्या मुंबईकराकडून 24 अश्वशक्तीचा, चारही चाकांना ओढ असलेला जुना छोटा ट्रॅक्टर घेतला. त्याच्याकडे तो आंब्याच्या बागेतलं गवत कापायचा आणि शेणखत वाहायचा. भाताचा चिखल त्याने बघितलाच नव्हता.

आमच्याकडे चिखल वर्षातून दोनदा. भिवपुरीचं टाटांचं वीजघर 1922 पासूनचं. मावळातल्या ठोकरवाडी धरणाचं पाणी घाट उतरून तिथली टर्बाइनं फिरवतं आणि मग पेज नदीला मिळतं. त्याच पाण्यावर राजनाला हा कालवा आणि राजनाल्यावर आमचं उन्हाळी भात. म्हणजे आषाढात एक चिखलणी आणि पौष-माघात दुसरी. माझी सासुरवाडी वावोशीकडची, खालापूर तालुक्यातली. तिकडे पावसाचं एक भात, मागून वाल, आणि उरलेलं वर्ष ट्रॅक्टर ट्रॉली ओढतो. मागच्या ऑइलाच्या दृष्टीने या दोन गावांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो पुढे सांगतो.

माघातल्या चिखलणीत आवाज सुरू झाला. बांधावरून खाचरात उतरताना ब्रेक दाबला की मागून घर्र घर्र, आणि ती थरथर पायाच्या तळव्याला लागायची. ब्रेक लागत होता, पण धरत-सोडत. शिवाय सकाळी पहिल्यांदा रोटाव्हेटर उचलताना लिफ्ट जड जायची आणि पंप बारीक केकाटायचा. तास-दीड तासाने ऑइल तापलं की तो आवाज बंद. मिस्त्री आला. कशेळ्याकडचा तरुण पोरगा, हात चांगला आहे त्याचा. दोन फेऱ्या मारून म्हणाला, "काका, ब्रेकच्या प्लेटा गेल्या. खोलायला लागंल."

"आधी आत ऑइल कुठलं आहे ते बघू," मी म्हटलं.

"ऑइल काय, नव्वदच आसंल ना. सगल्यांना तेच टाकतोय आपन."

फार्महाऊसच्या ड्रायव्हरला फोन लावला. त्यानेही तेच सांगितलं: मागच्या सर्व्हिसिंगला एका गॅरेजवाल्याने नव्वद नंबर ईपी भरलं होतं.

आता यात बिघडलं काय? आमच्या मिस्त्रीच्या वडिलांच्या ट्रॅक्टरला आयुष्यभर नव्वदच होतं आणि तो ट्रॅक्टर अजून चालतो. बरोबर आहे. त्या ट्रॅक्टरचे ब्रेक कोरडे, ऑइलाच्या बाहेर. आत फक्त दातेरी चक्रं आणि बेअरिंगं. त्यांना जाड, दाब सोसणारं ऑइल हवं, ते नव्वद देतं. माझ्या ट्रॅक्टरात गिअरबॉक्स, डिफरन्शियल, मागचा ॲक्सल, ब्रेकच्या प्लेटा आणि लिफ्टचा पंप, सगळ्यांचा हौद एकच. चक्रांना जाड थर पाहिजे, पंपाला पातळ ऑइल पाहिजे, आणि ब्रेकच्या प्लेटांना ना फार निसरडं ना फार कोरडं, असं मोजून घर्षण पाहिजे. ईपी ऑइलात दाब सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसची द्रव्यं घातलेली असतात, ती दातांसाठी उत्तम. पण ऑइलात बुडालेल्या ब्रेकच्या प्लेटांचं घर्षण त्या ऑइलात कुणी बेतलेलंच नसतं. प्लेट धरते, सुटते, पुन्हा धरते. घर्र आवाज येतो तो त्याचाच. आणि नव्वदचं घट्टपण गार सकाळी पंपाला ओढवत नाही, तो केकाटतो तो म्हणून.

अशा ट्रॅक्टरांसाठी जे ऑइल बनतं त्याला यूटीटीओ म्हणतात, म्हणजे युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल. याच घरातलं दुसरं एसटीओयू, ते इंजिनातही चालतं आणि मागेही. ज्याच्याकडे एकच बादली ठेवायला जागा आहे त्याची त्याने सोय होते, पण माझं मत विचाराल तर इंजिनाला इंजिनाचं आणि मागे मागचं.

लोक नव्वद या आकड्यावर अडतात. दुकानात एक ओळखीचे गृहस्थ मला म्हणाले, "इंजिनात चाळीस टाकता आणि मागे त्याच्याहून पातळ? चक्रं खाऊन टाकेल." इंजिन ऑइलचे आकडे आणि गिअर ऑइलचे आकडे ही दोन वेगळी मापं आहेत. गिअरचं नव्वद हे घट्टपणाला साधारण इंजिनच्या चाळीस-पन्नासच्याच तोडीचं. 100 अंश सेल्सिअसला 13.5 सेंटिस्टोकच्या वर गेलं की ते नव्वदच्या वर्गात बसतं. यूटीटीओ बहुधा त्याच्या खाली, दहा-अकराच्या आसपास असतं. पातळ आहे खरं, पण ट्रॅक्टर बनवणाऱ्याने चक्रांचे दात आणि बेअरिंगं ते धरूनच बेतलेली असतात.

या घर्षणाच्या द्रव्याची एक जुनी गोष्ट आहे. अमेरिकेत एकेकाळी ट्रॅक्टरच्या अशा ऑइलात ब्रेकचा आवाज मारण्यासाठी देवमाशाचं तेल मिसळत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर बंदी आली आणि कंपन्यांना नवी रसायनं शोधावी लागली. म्हणजे हा घर्र आवाज काही कर्जतच्या चिखलाचाच नाही. बड्या बड्या कंपन्यांनी त्याच्यापुढे हात टेकले होते.

मग आम्ही ऑइल काढलं. ट्रॅक्टर रात्रभर उभा होता, मुद्दामच. सपाट जागा, खाली पत्र्याची परात. मिस्त्रीने प्लग अर्धाच सैल केला. आधी पाणी आलं. स्वच्छ नव्हे, करड्या रंगाचं, पण पाणीच, वाटीभर तरी. त्याच्या मागून ऑइल, दुधाच्या चहासारखं. प्लगच्या टोकाला लोहचुंबक असतो, त्यावर राखाडी लुकण बसलं होतं. ते दोन बोटांत चोळून बघितलं. गुळगुळीत लागलं, खरखर नव्हती. खरखर असती, किंवा तुकडा चमकला असता, तर मीच मिस्त्रीला खोल म्हणालो असतो. थेंबभर ऑइल तापलेल्या तव्यावर टाकलं की पाण्याची खात्री पटते. बायकोने तवा द्यायला साफ नकार दिला, म्हणून डब्याचं झाकण अंगणातल्या चुलीवर ठेवलं. तडतडलं.

पाणी शिरलं कसं? चिखलात ॲक्सल गरम होतो, आतली हवा फुगते. दुपारी ट्रॅक्टर गुडघाभर पाण्यात थांबला की ॲक्सलचं घर थंड होतं, हवा आखडते आणि बाहेरचं काहीतरी आत ओढते. ब्रीदरचं भोक मोकळं असेल तर हवा आत येते; ते चिखलाने बुजलं असेल तर सीलच्या ओठावाटे पाणी. माझ्या ट्रॅक्टरचा ब्रीदर मातीने लिंपल्यासारखा बंद होता. बागेत ते चाललं असतं. वावोशीला ट्रॉली ओढतानाही बहुधा चाललं असतं. राजनाल्यावर नाही.

हौद धुवायला मिस्त्री डिझेल आणायला निघाला, त्याला थांबवलं. डिझेल कोनाकोपऱ्यांत राहतं आणि नव्या ऑइलला पातळ करतं. त्यापेक्षा थोडं यूटीटीओच भरलं, ट्रॅक्टर अंगणात फिरवला, लिफ्ट वर-खाली केली, आणि तेही काढून टाकलं. जाळीचा फिल्टर धुतला, दुसरा बदलला. खर्च जिवावर आला, पण प्लेटा खोलण्यापुढे तो काहीच नव्हता.

नवं घेताना मी डब्याची मागची बाजू वाचली. दुकानदार जरा वैतागला, वैतागू दे. पुढच्या बाजूला ट्रॅक्टरचं चित्र सगळ्यांच्याच असतं. कामाचं ते मागे. गिअर ऑइलचा जीएल-4 हा दर्जा लिहिलाय का, ऑइलात बुडालेल्या ब्रेकसाठी आहे असं स्पष्ट म्हटलंय का, आणि ट्रॅक्टर कंपन्यांचे मापदंड: जॉन डिअरचा जे20सी, मॅसीचा एम1143, फोर्ड-न्यू हॉलंडचा एम2सी134-डी. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जो आकडा आहे तो डब्यावर असला की झालं. मग सर्वो घ्या, एचपी घ्या नाहीतर मॅक. जीएल-5 हा जीएल-4 पेक्षा वरचा नंबर म्हणून चांगला, असं समजू नका. त्यातली जहाल द्रव्यं पितळ-काशाच्या बुशांना आणि रिंगांना बाधू शकतात. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर मात्र कंपनीचंच ऑइल घ्या आणि बिल जपून ठेवा. यूटीटीओची बादली नव्वदपेक्षा महाग पडते. फरक मजुराच्या दोन-तीन दिवसांच्या हजेरीइतका. सीलबंद बादलीच घ्यायची. सुटं, मापाने ओतून मिळणारं ऑइल कुणाच्या पोटातलं आहे ते देव जाणे.

पुढचा ॲक्सल हे वेगळं प्रकरण. तिथे ना ब्रेक ना पंप, नुसती चक्रं. म्हणून तिथे बऱ्याच ट्रॅक्टरांना 80-90 गिअर ऑइल चालतं. कुबोटाच्या बी मालिकेतल्या छोट्या ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत पुढच्या ॲक्सलला त्यांचं स्वतःचं यूडीटी ऑइल किंवा 80-90 गिअर ऑइल, दोन्ही चालतात असं दिलंय. मागच्या हौदाला मात्र यूडीटीच. म्हणजे मिस्त्रीच्या नव्वदला घरात एक कोपरा मिळाला, आणि तोही खूश झाला. पण भातशेतीत आधी मरतं ते पुढचंच. चाकाच्या आतल्या बाजूला पेंढा, नायलॉनची सुतळी, खताच्या गोणीचे दोरे गुंडाळले जातात आणि सील कापतात. माझ्या डाव्या बाजूच्या हबमागून सुतळीची अशी गुंडाळी निघाली की ती चाकूने कापून काढायला लागली. सील बदललं, तेव्हा कुठे ऑइल टिकलं.

ब्रेकचा आवाज पहिल्या दिवशी तसाच होता. मिस्त्री माझ्याकडे बघून काही बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर "सांगितलं होतं" लिहिलेलं दिसत होतं. आठवडाभर काम झाल्यावर आवाज कमी झाला. आता सकाळच्या पहिल्या ब्रेकला थोडा कुरकुरतो, बाकी दिवसभर गप्प. लिफ्ट पहिल्या झटक्यात उचलते. प्लेटा अजून त्याच आहेत.

पुस्तिकेत ऑइल बदलायचे तास लिहिलेले असतात. ते तास कोरड्या रानाचे. चिखलणी करणाऱ्याने मीटरच्या आधी डिपस्टिक बघावी. लावणी झाली की काढून बघायची: रंग दुधाळ झालाय का, आणि पातळी न भरताच वर चढलीय का. चढली असेल तर ते पाणी आहे. तास पूर्ण व्हायची वाट बघू नये. यूटीटीओ थोडं पाणी पोटात सामावून घेतं, खाली साचू देत नाही. म्हणून त्याचा रंगच तेवढा बदलतो आणि बघणारा फसतो.

काढलेलं जळकं ऑइल आमच्याकडे वाळवीसाठी वाशांना फासतात, सेंटरिंगच्या फळ्यांना लावतात, आणि उरलेलं ओढ्यात जातं. आमचे ओढे उल्हासला मिळतात आणि उल्हासचं पाणी खालची शहरं पितात. मी ते डब्यात साठवून जुनं ऑइल घेणाऱ्याला देतो. खोपोलीत घेणारे आहेत.

छोटे ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्यांना एक विनंती. तुमची पुस्तिका ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हाती गेला की हरवते. माझ्या ट्रॅक्टरबरोबर आलीच नव्हती, ती मी डीलरकडून मागून घेतली. तेव्हा मागचं ऑइल भरायच्या झाकणाशेजारी एक पत्र्याची पट्टी ठोका. तिच्यावर ऑइलचा प्रकार, मापदंड आणि किती लिटर, एवढंच मराठीत कोरा. स्टिकर नको, आमच्या पावसात तो एक हंगामही टिकत नाही.